पेरणीआधीची तपासणी

टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात दुसऱ्यांदाही गर्भ टिकला नाही, तेव्हा सासूबाईंनी माझ्यासाठी आणखी एक उपास काढला. सोमवार आधीच चालू होते, आता गुरुवारही. इंजेक्शनं मी घेतली, भूल मला दिली, शाळेतून रजा मी काढली. नवऱ्याच्या रिपोर्टात शुक्राणूंची संख्या भरपूर होती, आणि हे सासूबाई घरी येईल त्याला ऐकवायच्या. माझं डोकं फिरायचं.

नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी या वेळी नवऱ्याची वेगळी तपासणी सुचवली. शुक्राणू संख्येला, हालचालीला चांगले असले तरी त्यांच्या आतला डीएनए तुटलेला असू शकतो. मग गर्भ तयार होतो, पण कधी वाढत नाही, कधी पडून जातो. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "मला न्हाई गरज. माझा रिपोर्ट चांगला हाय."

पेरणी तोंडावर आली होती. आमच्या हदगावच्या शेतात हा माणूस घरचं सोयाबीनसुद्धा तपासल्याशिवाय पेरत नाही. ओल्या पोत्यावर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि किती उगवतात ते बघायचं. त्या सकाळी तो अंगणात गुंडाळी उलगडून बसला होता. मळणीत मार बसलेले कितीतरी टपोरे दाणे न उगवता कुजले होते.

मी समोर जाऊन बसले. "दिसायला तर चांगलं हाय. पेरून टाका."

"येडी हायस का? उगवायचं न्हाई ते."

"मग जमिनीला उपास धरायला लावा."

त्यानं कुजलेला एक दाणा उचलून बोटांनी दाबून बघितला.

पुढच्या आठवड्यात त्यानं तपासणी करून घेतली. डीएनएचं नुकसान बरंच निघालं. तंबाखू बंद, फवारणीला स्वतः जायचं नाही, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, कारण नवे शुक्राणू तयार व्हायला साधारण तेवढा वेळ लागतो. मूल होईलच, अशी खात्री डॉक्टरीणबाईंनी दिली नाही आणि मीही मागितली नाही. तिसऱ्यांदा उपचार घ्यायचे हे मी ठरवलंच होतं. फक्त या वेळी सगळं एकटीनं सोसणार नव्हते.

गुरुवारी सासूबाईंनी माझ्यापुढे साबुदाण्याची ताटली ठेवली. नवऱ्यानं ती स्वतःकडे ओढली आणि खिशातली तंबाखूची पुडी काढून त्यांच्या हातात दिली.

"माय, आता उपास माझा," तो म्हणाला. "हिला भाकर वाढ."

मी पोटभर जेवले.