ट्वेटबाई आणि गोळ्या ओतायचं पुस्तक

कोल्टर बेंडच्या लायब्ररीत आर्डिस ट्वेट एकतीस वर्षं एकाच खुर्चीवर बसली. गावातला कोण काय वाचतो हे तिला ठाऊक होतं आणि ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही. घटस्फोटाचे कायदे, मूळव्याधीवरचे उपाय, कॅनडात नोकरी कशी मिळवायची, माणूस काहीही विचारायला आला तरी ती "कशाला हवंय?" असं विचारत नसे. चष्मा नाकावर सरकवायची, पेन्सिल उचलायची आणि कामाला लागायची.

एका गोष्टीचा मात्र तिला मनापासून तिटकारा होता. बंदुकीचा. ती नऊ वर्षांची असताना बापाने म्हातारा कुत्रा गोठ्यामागे नेला होता. आवाज झाला तेव्हा ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. अमेरिकेतल्या पूर्व मोंटानासारख्या मुलखात, जिथे दर घरात दाराशी रायफल टेकवलेली असते, तिथे ती आयुष्यभर अशा खोल्यांतून हळूच बाहेर पडत आली.

त्यामुळे मार्चमध्ये, बर्फाचा चिखल बुटांवर घेऊन डेल स्ट्राउड तिच्या टेबलाशी आला आणि टोपी हातात चुरगळत उभा राहिला, तेव्हा तिच्या कपाळावर आठी पडलीच.

"ट्वेटबाई, घरच्या घरी शिशाच्या गोळ्या ओततात ना, त्याबद्दल काही आहे का तुमच्याकडे? चांगलंसं. इंटरनेटवर बारा माणसं तेरा गोष्टी सांगतात."

डेल टायरच्या दुकानातून नुकताच निवृत्त झाला होता. आजोबांची रायफल त्याच्याकडे आली होती, पण तिच्या मापाची गोळी आता कुठल्या दुकानात मिळत नव्हती. गुडघे पार निकामी व्हायच्या आत एकदा तरी त्या रायफलीने हरणामागे जायचं, एवढीच त्याची हौस.

"बघते," आर्डिस म्हणाली. आठी तशीच होती, पण पेन्सिल हातात आली होती.

पुढचे दोन आठवडे ती त्या विषयात बुडून गेली. आधी तिने इंटरनेटवरच्या लोकांच्या गप्पा वाचल्या. गोळीवर सुरकुत्या का पडतात यावर एक म्हणे साच्याला तेल राहिलंय, दुसरा म्हणे शिसंच हलकं आहे, तिसरा पहिल्या दोघांची अक्कल काढत होता. आर्डिसने आपली जुनी कसोटी लावली. जो माणूस स्वतःच्या चुका सांगतो, त्याचं ऐकायचं. ज्याचं कधीच काही चुकलेलं नाही, त्याला बाजूला ठेवायचं. असे चाळीसातून चार उरले, आणि ते चौघंही एकाच जुन्या पुस्तकाचं नाव घेत होते. ते पुस्तक तिने तीनशे मैलांवरच्या लायब्ररीतून मागवलं.

डेलने ते शुक्रवारी नेलं आणि सोमवारी परत आणलं.

"वाचून झालं?"

"हो, म्हणजे... चाळलं. बाई, जास्त चित्रांचं एखादं नाही का?"

आर्डिसने पुस्तक उघडलं. पानं नव्यासारखी एकमेकांना चिकटलेली. तिने डेलकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एवढ्या वर्षांत डेलने लायब्ररीतून एकही पुस्तक नेलं नव्हतं. कार्ड काढायचा फॉर्मसुद्धा बायकोने, कोरिनने, भरून आणला होता.

"डेल, माझं एक काम कराल?" ती म्हणाली. "हे पुस्तक लायब्ररीसाठी विकत घ्यावं की नाही, मला ठरवायचंय. पण त्यातलं मला ओ का ठो कळत नाही. तुम्ही गॅरेजमध्ये काम करा, मी शेजारी बसून मोठ्याने वाचते. बरोबर लिहिलंय का तेवढं तुम्ही सांगायचं."

डेल म्हणाला, "तुम्हाला तर बंदुका आवडत नाहीत म्हणे."

"मी बंदूक बघायला येत नाहीये. पुस्तक तपासायला येतेय."

अशी ती दर मंगळवारी सकाळी स्ट्राउडांच्या गॅरेजमध्ये जाऊ लागली. डेल लोखंडी भांड्यात शिसं वितळवायचा आणि पळीने साच्यात ओतायचा. ती घडीच्या खुर्चीवर कोट घालून बसायची आणि वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचायची.

"'गोळीवर सुरकुत्या आल्यास साचा पुरेसा तापलेला नाही असे समजावे. पहिल्या काही गोळ्या पुन्हा भांड्यात टाकाव्यात.'"

डेल पळी हातात धरून थांबला. "एवढंच? अहो, पंधरा दिवस मी त्या साच्याला शिव्या देतोय!"

त्या दिवशी दहाव्या खेपेला गोळी गुळगुळीत निघाली. डेलने ती तळहातावर घेऊन तिच्यापुढे धरली, जणू कोंबडीचं पिल्लूच. आर्डिसला ती गोळी आवडली नाही, पण त्याचा चेहरा आवडला.

कधी डेलच पुस्तकाची चूक काढायचा. चाकाचा तोल साधायला रिमला जी वजनं ठोकतात, ती जुनी वजनं वितळवावीत, असं पुस्तकात होतं.

"पुस्तक जुनं आहे, बाई. आता निम्मी वजनं जस्ताची येतात. एक जस्ताचं पडलं की सगळं भांडं नासलं. हे ऐका." त्याने दोन वजनं फरशीवर टाकली. एक टणकन वाजलं, दुसरं मातीच्या ढेकळासारखं बद्द पडलं. "बद्द वाजतं ते शिसं. अठ्ठावीस वर्षं कानांनी निवडतोय मी."

आर्डिसने ते जसंच्या तसं कागदावर उतरवून घेतलं. डेल चोरून त्या कागदाकडे बघत राहिला.

एप्रिलच्या शेवटी ती दोघं शिशापासून होणाऱ्या त्रासाच्या प्रकरणावर आली. शिसं हातांवरून, धुळीतून, ताटातून पोटात जातं. काम करतो तिथे खाऊ-पिऊ नये. बोटांना मुंग्या येणं, चिडचिड, पोटात कळ, विसरभोळेपणा. वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. भांड्यापासून हातभर अंतरावर डेलचा कॉफीचा मग होता, आणि डेल त्यातून घोट घेत होता.

"डेल, तुमच्या बोटांना मुंग्या येतात का?"

"वय झालं की सगळ्यांनाच येतात."

"दुकानात ती वजनं हाताळून त्याच हातांनी जेवत होतात ना? रक्त तपासून घ्या."

डेलने पळी आपटली. "बाई, तुम्ही पुस्तक तपासायला आलात, डॉक्टरकी करायला नाही! माझ्याबरोबरचे सगळे तस्सेच जेवले. कुणी मेलं का?"

आर्डिसने पुस्तक मिटलं, पर्स उचलली आणि जाता जाता स्वयंपाकघराच्या दारावर टकटक केलं. दारात आलेल्या कोरिनला तिने दोन वाक्यांत सगळं सांगितलं. कोरिनने हातातलं फडकं खाली ठेवलं. "मुंग्या? मला म्हणाला, हात झोपेत अवघडतो."

दुसऱ्याच दिवशी कोरिनने नवऱ्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. रक्तात शिसं निघालं, चांगलंच निघालं. डॉक्टरांनी काम पूर्ण बंद करायला सांगितलं आणि दर महिन्याला तपासणी लावली.

त्यानंतर मे महिनाभर डेल लायब्ररीकडे फिरकला नाही. वाण्याच्या दुकानात समोर दिसला तर दुसऱ्या रांगेत शिरायचा. आर्डिस मनात म्हणायची, माणसाची एक हौस होती, ती मी हिरावून घेतली. मग स्वतःलाच दटावायची की वाचलं नसतंस तर काय झालं असतं? पण मंगळवारची सकाळ तिला जड जायची, हे खरं.

जूनमध्ये एका दुपारी लायब्ररीत कुणीच नसताना तो आला. टोपी काढून समोर बसला.

"आकडा उतरलाय," तो म्हणाला. "निम्म्याहून खाली आलाय."

"बरं झालं."

"बाई, दुकानात भिंतीवर एक पाटी होती. पिवळी. अठ्ठावीस वर्षं मी तिच्याखाली हात झटकून सँडविच खाल्लं. परवा कोरिनला घेऊन गेलो आणि विचारलं, काय लिहिलंय? तर म्हणे, 'जेवणापूर्वी हात साबणाने धुवा. शिसे विषारी आहे.'" त्याने टोपी टेबलावर ठेवली. "अक्षरं माझ्या डोळ्यांसमोर स्थिर राहत नाहीत. लहानपणापासून."

"मला माहीत होतं," आर्डिस म्हणाली.

"केव्हापासून?"

"जास्त चित्रांचं पुस्तक मागितलंत तेव्हापासून."

"आणि तरी खुर्चीवर कुडकुडत बसलात!" डेल हसला, आणि हसता हसता त्याला डोळे पुसावे लागले.

शिकवणं सोपं गेलं नाही. आर्डिसने एका ओळीखेरीज बाकीचं पान झाकायला पुठ्ठ्याची पट्टी कापली आणि अक्षरं मोठी करून छापून आणली. डेल चिडायचा, उठून जायचा, दाराशी जाऊन परत यायचा. मुलांच्या गोष्टींची पुस्तकं त्याने दूर सारली. "ससा कुठे गेला याच्याशी मला काय करायचंय?" मग त्यांनी गोळ्यांचंच पुस्तक घेतलं. तापमान, साचा, शिशावर तरंगणारी मळी हे शब्द त्याच्या हातांना आधीच ठाऊक होते. डोळ्यांना तेवढी ओळख करून द्यायची होती. 'वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंबही पडू देऊ नये' हे वाक्य त्याने एकट्याने वाचायला ऑगस्ट उजाडला.

सप्टेंबरमध्ये डॉक्टरांनी परवानगी दिली, पण उघड्यावर आणि हातमोजे घालून. कोरिनने अंगणात खडूने रेघ ओढली आणि रेघेच्या आत खाण्यापिण्याचं काही येईल तर खबरदार म्हणाली. आर्डिसने चार पानांची पत्रिका तयार करून लायब्ररीत ठेवली: कुठलं पुस्तक घ्यावं, कुणाचं ऐकू नये, रक्त कधी तपासावं. जस्त ओळखायच्या परिच्छेदाखाली डेलचं नाव घातलं. ते नाव त्याने पट्टीशिवाय वाचलं.

हरणांचा हंगाम उघडायच्या आधी गावाबाहेरच्या मैदानात रायफल तपासायची होती. डेलने तिला बोलावलं आणि ती गेली, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. कानांवर जाड झाकणं घालून ती ट्रकच्या मागे उभी राहिली. पाच गोळ्या उडाल्या, तीन कागदावर लागल्या.

"एक तुम्ही मारता का, बाई?"

"नाही," आर्डिस म्हणाली. "मला अजूनही आवडत नाही."

"हरकत नाही," डेल म्हणाला आणि रायफल कापडात गुंडाळली.

त्या हंगामात त्याला हरीण मिळालं नाही. एक दिसलं होतं, जवळही होतं, पण डेल म्हणतो की ते त्याच्याकडे बघत राहिलं आणि तोही बघत राहिला. कोरिन म्हणते, गुडघा अडकला म्हणून नेम धरता आला नाही. खरं काय ते त्यालाच माहीत.

पुढच्या वसंतात आर्डिस निवृत्त झाली. मंगळवारची सकाळ मात्र तिने सोडली नाही. सध्या दोघं मिळून मधमाश्या पाळण्याचं पुस्तक वाचताहेत. डेल एक पान वाचतो, ती एक पान वाचते. डेलचं ठाम मत झालंय की लेखकाला आयुष्यात एकही माशी चावलेली नाही.