गळ्यावर वस्तरा आणि आधाराची चाकं

माझा धाकटा भाऊ न्हावी आहे आणि जन्माचा बडबड्या आहे. हे दोन्ही एका माणसात आलं की गिऱ्हाइकाचं काय होतं, ते मी शेजारच्या माझ्या इस्त्रीच्या दुकानातून रोज ऐकते. सगळा बाजार त्याला 'रेडिओ' म्हणतो. बंद करायचं बटण अजून कुणाला सापडलेलं नाही, त्याच्या बायकोलाही.

त्याची मुलगी ठकी, वय वर्षं पाच. पाय जन्मापासून अशक्त. घरात चाकांचा वॉकर धरून सगळीकडे भटकते, पण बाहेर वॉकर न्यायचा म्हटलं की भोकाड! गल्लीतल्या कार्ट्यांनी एकदा त्याला 'म्हातारीची गाडी' म्हटलं होतं. तेव्हापासून रस्त्यावर फक्त बाबाच्या कडेवर. अशा लहान मुलांचं एक केंद्र आहे, तिथं ती व्यायामाला जाते. तिथल्या बाईंनी बजावलं होतं, "बाहेर चालली नाही तर पाय आखडतील. आणि उद्या शाळेत कोण उचलणार?" भाऊ मान डोलवायचा, नि दारातून बाहेर पडताना पुन्हा लेकीला उचलायचा. दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या या माणसाला लेकीपुढे 'नाही' एवढा एक शब्द फुटत नव्हता.

त्या केंद्रासाठी सायकलफेरी ठरली. भाग घेणाऱ्यांनी आधी देणग्या गोळा करायच्या. रेडिओनं लगेच नाव दिलं. त्याची मागायची पद्धत साधी. गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस फासायचा, हनुवटी वर करायची, वस्तरा गळ्यावर टेकवायचा आणि गोड आवाजात विचारायचं, "लहान मुलांसाठी काहीतरी द्याल ना?" नाही म्हणायला मान हलवायची सोय नाही. महाचिकट किराणावालासुद्धा डोळ्यांनीच हो म्हणाला.

सगळ्यांत जास्त देणगी अर्थातच याची. आणि केंद्राचा नियम असा, की ज्याची देणगी जास्त तो फेरीत सगळ्यांच्या पुढे; त्याला ओलांडून कुणी जायचं नाही. हे कळल्यावर भाऊ माझ्या दुकानात येऊन कपड्यांच्या गठ्ठ्यावर मटकन बसला.

"ताई, मला सायकल येत नाही."

"काय?"

"कधीच आली नाही. मला वाटलं, आपण देणग्या आणायच्या, चालवायला वेगळी माणसं असतील."

"मेल्या, आणि आता? नाव काढून घे."

"सगळ्यांच्या गळ्यावर वस्तरा ठेवून घेतलंय गं. आता कुठल्या तोंडानं माघार घेऊ?"

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

केंद्राच्या अंगणात त्याची शिकवणी सुरू झाली. स्वतःचे गुडघे फोडले, त्यांच्या कुंड्या फोडल्या. शेवटी बाईच वैतागल्या. "आमच्या मुलांच्या सायकलींना असतात, तशी आधाराची चाकं लावून घ्या." वेल्डरनं एका मोडक्या हातगाडीची चाकं मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना ठोकून दिली. आता सायकल पडत नव्हती, पण जिन्यावरून भांडी गडगडावीत असा आवाज करत होती.

फेरीच्या दिवशी ठकीला मी माझ्या इस्त्रीच्या टेबलावर बसवलं. तिथून रस्ता सरळ दिसतो. आधी खडखडाट आला, मग भाऊ आला. घामानं निथळलेला, पोट हँडलला टेकलेलं, आणि मागे चकचकीत हेल्मेटवाल्यांची लांबलचक रांग मुंगीच्या पावलानं, दातओठ खात. बाजार पोट धरून हसला. मीही हसले, खोटं कशाला बोलू?

"आत्या, माझ्या बाबाला हसतात?" ठकीनं विचारलं. तिचा चेहरा लाल झाला होता.

"हसू देत गं."

"वॉकर दे."

"अगं, बाहेर..."

"दे म्हणते ना!"

मी दुकानामागच्या आमच्या घरातून वॉकर आणला नि तिला खाली उतरवलं. पोरगी उंबऱ्यावर क्षणभरही थांबली नाही. खडखड करत थेट रस्त्याच्या कडेला गेली आणि किराणावाल्यावर ओरडली, "दात काय काढता? शिकतोय ना तो!"

भावानं तिला पाहिलं, पेडल थांबवलं आणि दोन्ही हात सोडले. आधाराच्या चाकांनी त्याला पडू दिलं नाही, पण मागचे मात्र एकमेकांवर धडाधड आदळले. शिव्यांचा नुसता पाऊस! आणि हा भर रस्त्यात सायकलवर बसून ढसाढसा रडतोय. त्या दिवशी पहिल्यांदा रेडिओ बंद पडलेला मी ऐकला. मलाही रडू आलं.

"बाबा, थांबू नको," ठकी म्हणाली. "सगळे खोळंबलेत."

आता ती केंद्रात चालत जाते, वॉकर घेऊन, वाटेत दोनदा टेकून. भाऊ रिकाम्या हातांनी मागोमाग. परवा चढावर न राहवून म्हणाला, "ये, जरा उचलून घेतो."

तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. म्हणाली, "तू आधी सायकल शीक."