हात पाठीमागे धरून बसणारे काणे काका

काणे काका आमच्या पोलादपूरच्या दवाखान्यात आले की आधी चालू कॉम्प्युटरचा भिंतीवरचा खटका पाडायचे. मग मला म्हणायचे, "शेवंताबाई, आता लावा." मी खटका लावायची, कॉम्प्युटरचं बटण दाबायची. काका दोन्ही हात खुर्चीच्या पाठीमागे धरून पडद्याकडे बघत बसायचे. या माणसाचा एखादा स्क्रू ढिला असावा, असं मला वाटलं.

"हात मागं कशाला?" मी विचारलं.

"मोकळे सोडले की मदतीला धावतात. मग त्याला स्वतःहून उठायची सवय लागणार कशी?"

काका महाडचे, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. मी दवाखान्यात झाडलोट करायची, शिकलेली चौथीपर्यंत. रोग्यांच्या वह्यांना वाळवी लागली, तेव्हा काकांनी सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवून दिल्या, फुकट. बाहेर कंपाउंडरने नाव घातलं की आत डॉक्टर मॅडमच्या पडद्यावर मागची औषधं दिसायची. त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर काकांनी विकत आणलं नव्हतं, घरी बसून स्वतः बांधलं होतं. त्यात एकच खोट होती. वीज जाऊन आली की बटण दाबल्यावर कॉम्प्युटर सुरू व्हायचा, पण सॉफ्टवेअर झोपलेलंच. इंग्रजीत एक ओळ टाइप केल्याशिवाय ते उठायचं नाही. कंपाउंडरने ती फोनवर ऐकून टाइप करून पाहिली, दर वेळी काही ना काही चुकायचं. मग काका महाडहून एसटीने यायचे, एक ओळ टाइप करायचे आणि परत जायचे.

वीज जायची त्याहून जास्त वेळा मी घालवायची. वैशाखात ढग गडगडले की आमच्याकडे घरातले सगळे खटके पाडतात. माझ्या दिराचा टीव्ही तेवढ्या आळसापायी जळाला होता. शेवटी कंपाउंडरने काकांकडे माझी तक्रार केली. "ढग दिसला का ही खटका पाडते, काका."

"पाडणारच. जळला तं तू भरून देनार हायस?" मी म्हटलं.

काका हसले नाहीत. "त्यांचं बरोबर आहे. त्यांची सवय मोडायची नाही, कॉम्प्युटरची बदलायची."

त्याच आठवड्यात वरच्या वाडीतली सखू आली. तिला एक इंजेक्शन सोसत नसे, कोणतं ते तिला सांगता येईना. नोंद कॉम्प्युटरमध्ये होती आणि सॉफ्टवेअर बंद होतं. मॅडमनी इंजेक्शन न देता दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. तापाने फणफणलेली बाई दोन तास चालून आली होती, तशीच चालत परत गेली. मॅडम काकांना म्हणाल्या, "पावसाळ्याआधी हे झालं नाही, तर मी पुन्हा वह्या काढते." काकांच्या हृदयाचं ऑपरेशनही तेव्हाच ठरलं होतं, मुंबईला. त्यांनी ते मॅडमना सांगितलं नाही. मला सांगितलं, कारण जिना चढताना ते दोनदा थांबले आणि मी कारण विचारलं.

"विकतच्या सॉफ्टवेअरला उठायची सवय लावूनच देतात," ते म्हणायचे. "घरच्याला आपण लावायची." कॉम्प्युटर सुरू होताना काय काय उठवायचं याच्या काही चिठ्ठ्या वाचतो म्हणे. काकांनी आपली चिठ्ठी त्यांत घातली. खटका पाडला, लावला. सॉफ्टवेअर उठलं नाही. सहा दिवस ते रोज आले, आणि सहाही दिवस ते उठलं नाही.

"मी हाताने सांगितलं की ऐकतं. तीच ओळ चिठ्ठीत लिहिली की ऐकत नाही," ते म्हणाले. कंटाळलेला माणूस असं बोलतो, पण हात मागेच होते.

मी फरशी पुसत होते. म्हटलं, "आमची नवी सून आली तवा मी सांगितलं, घागर आन. ती उभीच. मला ठाव घागर कुठं हाय, तिला कसं ठाव असंल? मंग सांगितलं, मागल्या दारी, न्हाणीच्या उजव्या अंगाला. तवा आनली."

 काका हात पुढे घेऊन टाइप करू लागले. "मी बसलेलो असतो तेव्हा कुठे काय आहे ते त्याला माझ्यामुळे कळतं. वीज आल्यावर एकटं उठतं तेव्हा कोण सांगणार? प्रत्येक वस्तूचा पुरता पत्ता लिहायला हवा."

पुरता पत्ता लिहून झाल्यावर खटका पाडला. लावला. काही टाइप न करता सॉफ्टवेअर उठलं. काकांनी आणखी पाच वेळा पाडायला लावला. सहाव्यांदा मी म्हटलं, "झालं की आता."

"एकदा झालं म्हणजे नशीब. सहादा झालं म्हणजे सवय."

पुढच्या सोमवारी ते मुंबईला गेले. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी वारले. मॅडम आणि कंपाउंडर महाडला त्यांच्या घरी भेटायला गेले. दवाखाना उघडा ठेवायला कोणीतरी हवं होतं, म्हणून मी थांबले. दुपारी ढग भरून आले. मी खटका पाडला.

पाऊस ओसरल्यावर दोघं परतले. बाकावर सखू बसली होती, पुन्हा ताप घेऊन. मी खटका लावला, बटण दाबलं. कंपाउंडर सवयीने पुढे सरकला.

"हात मागं घे," मी त्याला सांगितलं.

आम्ही दोघं हात मागे धरून उभे राहिलो. पडदा उजळला, अक्षरं धावली, थांबली. मग नाव घालायची चौकट आपोआप आली. त्याने सखूचं नाव घातलं आणि आतून मॅडमनी विचारलं, "पेनिसिलीन चालत नाही ना हिला?"

सखू म्हणाली, "व्हय, तेच ते."