कोनाड्यातला ओला बैल

माझ्या चुलतसासऱ्यांच्या दिवंगत पत्नीला मी घमेल्यात भिजत घातलं आणि त्या चिखलानं घरची चूल लिंपली, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. वाचणाऱ्याला हे भयंकर वाटेल, म्हणून आधी चुलतसासऱ्यांविषयी सांगतो. कारण गेलेल्या माणसांत इतका रमणारा आणि तरीही इतका आनंदी गृहस्थ सबंध श्रीगोंदा तालुक्यात दुसरा झाला नसेल.

बायको त्यांना काका म्हणे, म्हणून मीही काकाच म्हणायचो. पोळ्याला घरोघर मातीचे बैल करतात, पोरं त्यांची पूजा करतात आणि मग खेळून खेळून मोडतात. काकाही बैल करत. फरक एवढाच, की काकांचा प्रत्येक बैल म्हणजे घरातलं एखादं गेलेलं माणूस असे. शिंगं, वशिंड, शेपूट सगळं रीतसर बैलाचं. पण उभं राहण्याची ढब, मानेचा हिसका, पोटाचा घेर त्या माणसाचा. बायामाणसंही याला अपवाद नव्हती. घरात फोटो एकाचाही नव्हता. "फोटूत समदी सारखीच भेदरल्याली दिसत्यात," काका म्हणायचे. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांनी फळीवरून एक बैल उतरवून माझ्यापुढे ठेवला. तो माझ्याकडे पाठ करून बसलेला. "जावईबापू, ह्ये तुमचं आजेसासरं. पाया पडा." त्याचं तोंड माझ्याकडे वळवावं म्हणून मी हात पुढे केला, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. त्यांनी कंदी कुन्या जावयाकडं त्वांड केलंच न्हाई." मी शेपटीला नमस्कार केला.

दर शनिवारी ते काष्टीच्या बैलबाजारात जात. बैल घ्यायला नव्हे, माणसं बघायला. एकदा मी बरोबर होतो. एका पांढऱ्या बैलापुढे थबकून त्यांनी डोक्याची टोपी काढली. "आमचं दाजी. अस्संच उभं ऱ्हायचं, समदा भार एका पायावर." व्यापाऱ्याला वाटलं गिऱ्हाईक आलं. त्यानं बैलाचा जबडा उघडून दात दाखवले. काका म्हणाले, "दाजीला शेवटी एकबी दात न्हवता." मग व्यापाऱ्यानं रिवाजाप्रमाणे उपरण्याखाली त्यांचा हात धरून बोटं दाबायला, म्हणजे भाव सांगायला सुरुवात केली. काकांनी तोच हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि गहिवरून म्हणाले, "सांभाळा त्यास्नी. उन्हात बांदू नगा, पित्त हाय." व्यापारी बराच वेळ आमच्या पाठमोऱ्या आकृत्यांकडे बघत होता.

मी काकांच्याच गावात शाळामास्तर होतो आणि दीड खोलीत राहत होतो. थोरली मुलगी चार वर्षांची, धाकटा पाळण्यात. काका रोज सकाळी येत, ते खिशात एकदोन पूर्वज घेऊनच. मुलगी जेवायला कुरकुर करू लागली, की ते ताटासमोर थोरल्या आत्याचा बैल ठेवत. त्याचे डोळे असे वटारलेले, की मीसुद्धा भाजी टाकत नसे. "खा बाय, न्हाईतर आत्या म्हनंल, माज्या वक्ताला ह्येबी मिळत न्हवतं." मुलगी मुकाट्यानं खाई. अक्षरओळख व्हायच्या आधी तिला चार पिढ्या पाठ होत्या. एकदा रस्त्यात मोकाट बैल आडवा आला. मी मागे सरलो, आणि ही त्याला म्हणाली, "आत्याबाई, बाजूला व्हा."

फक्त काकू काकांना जमत नव्हत्या. त्यांना जाऊन सात वर्षं झाली होती. दर पोळ्याला काका त्यांचा बैल करायला घेत आणि मोडून टाकत. काकूंचा पुढचा एक दात पडलेला होता. हसू आलं की तो दिसू नये म्हणून त्या मान एका बाजूला वळवत. ते वळण काकांना मातीत येईना. "मान कलती, पर हसत न्हाई," ते म्हणायचे. मला ते त्या वेळी मजेशीर वाटायचं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरी कोरड्या, हंडाभर पाण्यासाठी बायका मैल मैल जात. त्या पोळ्याला काकांनी दोन दिवस अंघोळ केली नाही आणि ते पाणी मातीत घातलं. ते आमच्या खोलीत शिरल्या शिरल्या माझ्या बायकोनं नाकाला पदर लावला. काका म्हणाले, "वास मला मारतोय, तुज्या काकूला न्हाई." त्यांच्या ओंजळीत एक बैल होता. मान डावीकडे कललेली. सांगूनही पटणार नाही, पण तो बैल हसत होता. काकांच्या घरावर पत्रा होता, त्या उकाड्यात ओली माती तडकायची. म्हणून आमच्या गार कोनाड्यात त्यांनी तो ठेवला. "जावईबापू, आठ दिस हात लावू नगा." मी पेपर वाचत होतो. "हो, हो," म्हणालो.

चौथ्या दिवशी बायकोनं बजावलं, की चुलीचा कान, म्हणजे भांडं टेकायचा उंचवटा, पडलाय, तळ्यातून माती आणून लिंपा. ती मुलांना घेऊन पाण्याला गेली. तळं लांब, ऊन रणरणतं, आणि मी जातिवंत आळशी. खाटेखाली मुलीचे जुने बैल पडले होते. चाळलेली, मळलेली आयती माती. ते घमेल्यात घातले. थोडी माती कमी पडेलसं वाटलं, म्हणून कोनाड्यातला एक उचलला. हाताला गार लागला. हा ओला आहे, लवकर विरघळेल, एवढाच विचार मनात आला. पाण्यात तो बुडाला आणि नुसती कललेली मान वर राहिली, तेव्हा आठवलं. उचलायला गेलो, तर मानच हातात आली.

पुढे मी जे केलं ते शांतपणे केलं. सगळं मळलं आणि चूल लिंपली. बायको आली नि म्हणाली, "आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं."

आठव्या दिवशी काका रंगवायला गेरू आणि चुना घेऊन आले. कोनाडा रिकामा. मी म्हणालो, "मुलीनं खेळताना पाडला." माझी मुलगी तिथंच उभी होती. तिनं याआधी तीन-चार पूर्वज खरोखरच मोडले होते, त्यामुळे तिला ते लगेच पटलं. ती ओठ काढून रडायला लागली. बायकोनं तिला धपाटा घातला.

काकांनी गेरू आणि चुना खाली ठेवला. मग तिला मांडीवर घेऊन म्हणाले, "रडू नगं बाय. हसाय लागली की तिलाबी उभं ऱ्हाता येत न्हवतं. पडलीच आसंल." बायकोनं त्यांना गरम भाकरी वाढली. काकांनी चुलीकडे पाहिलं. "झ्याक लिंपलीय. कुनी?"

"मी," मी म्हणालो.

"माती चांगली मळलीय, जावईबापू."

काका पुढे आठ वर्षं होते. रोज येत, पूर्वज आणत, हसवत. काकूंचा बैल त्यांनी पुन्हा केला नाही. विचारलं की म्हणत, "येकदा जमली, बास." माझ्या मुलीला मात्र त्यांनी माती मळण्यापासून सगळं शिकवलं.

ती आता नगरला असते, तिला तिची लेक आहे. काकूंना तिनं कधी पाहिलं नाही, तरी दर पोळ्याला ती त्यांचाच बैल करायला बसते, आणि लेकीला सांगते, "लहानपणी मी आजोबांनी केलेला हाच बैल मोडला होता ना, म्हणून." गेल्या पोळ्याला तिनं ओली माती माझ्यापुढे धरली. "बाबा, तुम्ही पाहिला होता तो. मान अशीच होती का हो?" मी म्हणालो, "थोडी अजून डावीकडे." तिनं अंगठ्यानं हळूच दाबली. तेवढंच बोलून मी चहा घेतला आणि एसटीनं परत आलो.

काकांची क्षमा मागायची वेळ गेली. मुलीला सांगायचं बाकी आहे, की तो बैल तिनं मोडला नव्हता. मी मोडला आणि नाव तिचं घेतलं. एवढं मी तिचं देणं लागतो.