मौनी मास्तरांची बडबड

घोडेस्वारीच्या शाळेतल्या मास्तरांना सगळे ‘मौनी मास्तर’ म्हणत, आणि त्यात कुणी तिखटमीठ लावलेलं नव्हतं. शिकणाऱ्याचा पाय रिकिबीत चुकीचा पडला की ते छडीने नुसते दाखवत. त्याची पाठ वाकली की स्वतःची पाठ ताठ करत. जनावरापुढे तोंड वाजवणारा माणूस जनावराला बिथरवतो, असं त्यांचं ठाम मत होतं. हे मतसुद्धा त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोने ते संसारात हळूहळू ओळखलं होतं. ती बिचारी दोघांच्या वाटचं बोलायची. दुपारी डबा घेऊन यायची, आणि परत नेताना फाटकाशी उघडून बघायची. डबा सव्वीस वर्षं लख्ख रिकामा मिळत आला होता. भाजी कशी झाली होती, हे मात्र एकदाही कळलं नव्हतं.

तांबडी घोडी आली आणि मास्तरांचं पितळ उघडं पडलं. ती आधी वीटभट्टीवर गाडी ओढायची. मास्तरांच्या हातून गाजर खायची, खरारा करताना डोळे मिटायची, खोगीरही बिनतक्रार घालून घ्यायची; पण ते पाठीवर बसले की थरथर कापायची. दोनदा तिने त्यांना मातीत बसवलं. मास्तर आणखी गप्प झाले, श्वाससुद्धा जपून घेऊ लागले. तशी ती आणखीच घाबरली.

महिना झाल्यावर शाळेच्या मालकीणबाईंनी मुदत घातली. बाई दुष्ट नव्हत्या, पण पागेत जागा एकच होती. शनिवारी तांबडीने स्वाराला घेऊन रिंगणाला दोन फेऱ्या मारल्या तर ती राहील, नाहीतर परत भट्टीवर. मास्तर तिच्या छातीवरचे जुने घट्टे रोज तेल लावून चोळत होते. त्या दुपारी त्यांचा डबा पहिल्यांदाच अर्धा परत गेला.

कोडं सोडवलं भट्टीवरही जाणाऱ्या नालबंदाने. नाल ठोकता ठोकता तो सहज म्हणाला, भट्टीवरच्या गाडीवानाच्या तोंडाचा पट्टा म्हणजे सकाळी सुरू झाला की गाडी सोडेपर्यंत बंद नाही. घोडीच्या डोळ्यांना झापडं. मागे आपलाच माणूस आहे, हे तिला त्या बडबडीवरूनच कळायचं. मास्तर तिच्या खुराकडे बघत राहिले. आपण ज्याला शांतता समजत होतो, ते घोडीच्या लेखी कुणीतरी अनोळखी पाठीवर दबा धरून बसणं होतं.

आता आली पंचाईत. बोलायचं काय? पहिल्या दिवशी मास्तरांनी पाढे म्हटले. तांबडी कान मागे वळवून चालू लागली. एकोणतीसच्या पाढ्याला ते अडखळले, तशी तीही थांबली. पाढे संपले तेव्हा त्यांनी हवापाण्याच्या गोष्टी काढल्या, आणि त्याही संपल्यावर मनातल्या. शुक्रवारी बायको डबा घेऊन आली आणि पागेच्या भिंतीआड थबकली. मास्तर घोडी चालवता चालवता तिला सांगत होते, लेक सासरी गेल्यापासून संध्याकाळी घरी पाऊल वळत नाही. ऐकून बायकोला भरून आलं, आणि मग सणकून राग आला. आपल्यापुढे इतकी वर्षं मूग गिळून बसलेला हा माणूस महिन्याभराच्या ओळखीच्या घोडीपुढे मोकळा होतो! डबा ओट्यावर आपटून ती निघून गेली.

शनिवारी रिंगणाभोवती सगळी शाळा जमली. मास्तर खोगिरावर बसले आणि इतके लोक बघून ठरवलेलं बोलणं विसरले. पाढेही आठवेनात. तांबडीची कातडी थरथरू लागली, पाय जागच्या जागी नाचू लागले. मालकीणबाईंनी मान खाली घातली.

कुंपणाशी बायको उभी होती. राग गेला नव्हता, पण नवऱ्याचा चेहरा तिला बघवेना.

“अहो,” ती मोठ्याने म्हणाली, “कालची भाजी कशी होती?”

“खारट,” मास्तर म्हणाले. घोडीचा एक कान मागे वळला. “खारटच असते. सव्वीस वर्षं.”

कुणीतरी फिसकन हसलं. तांबडीने पाऊल उचललं.

“मग बोलला का नाहीत कधी?” कुंपणाबाहेरून बरोबरीने चालत बायकोने विचारलं.

“तू डबा उघडून बघतेस ना. रिकामा दिसला की हसतेस. ते बघायला मी रोज फाटकापर्यंत येतो.”

बायकोने हाताच्या पाठीने डोळे पुसले आणि चालण्याचा वेग वाढवला, कारण घोडी वळणावर पोहोचली होती आणि पुढचं ऐकायचं होतं. एवढी वर्षं साठलेलं बरंच होतं. मास्तर बोलत होते, तांबडी मान सैल सोडून चालत होती.

दुसरी फेरी पुरी झाली. मालकीणबाईंनी हसून हात वर केला. मास्तरांनी लगाम ओढला नाही. लेकीबद्दलचं सांगायचं अजून राहिलं होतं, आणि ते आता घोडीला सांगायचं नव्हतं.