सहज आलेली बाई

निवृत्त झाल्यावर मला एकटीनं शहरं पायी फिरायची खोड लागली. पुणं झालं, सोलापूर झालं, कोल्हापूर झालं. बारामती मात्र राहूनच गेली, कारण ती फार जवळ. आम्हा इंदापूरकरांना बारामती म्हणजे दवाखाना, नाहीतर लग्नाचा बस्ता. काम उरकायचं आणि एसटी धरायची. शहर म्हणून तिच्याकडे बघतंय कोण? म्हणून गेल्या हिवाळ्यात एकदा ठरवलं, स्टँडवर उतरायचं आणि पाय नेतील तिकडे जायचं.

रस्ते बघूनच पहिली शंका आली. एवढे रुंद, एवढे स्वच्छ, आणि फूटपाथवर चालणारी मी एकटीच. चालायला केलेल्या जागेवर कुणीच चालत नाही म्हणजे यात काहीतरी गोम असणार. एमआयडीसीकडे जाणाऱ्या मोटारसायकली भरधाव निघाल्या होत्या. त्यातली एक माझ्याजवळ येऊन हळू झाली.

"मावशी, बसा, सोडतो की."

कुठे जायचंय हे न विचारताच सोडतो म्हणणाऱ्यावर विश्वास कसा ठेवायचा? मी पर्स काखेत दाबली आणि नको म्हटलं. पुढे दुसरा थांबला, त्याचंही तेच. माझा स्वभाव मुळात संशयी, त्यात हे. मी मोठा रस्ता सोडला आणि कालव्याच्या कडेनं एका वसाहतीत शिरले.

तिथली घरं छान होती. कुणाची तुळस कुठे, पायऱ्यांना फरशी कसली, खिडकीला पडदा कसा, हे मी थांबून थांबून बघत होते. मला घरं बघायला आवडतात. पिठाच्या गिरणीच्या पायरीवर बसलेल्या एका आबांना मात्र माझं ते थांबणं खटकलेलं दिसलं.

"कुणाकडं आलाय, ताई?"

"कुणाकडं नाही. सहज."

"सहज?" आबांनी तो शब्द दोनदा जिभेवर घोळवला. "गाव कंचं म्हणायचं?"

"इंदापूर."

"आस्सं!" चोरी पकडल्यासारखे आबा हसले. "मग बरुबर हाय. त्ये बगा निळं गेट. माणसं लई चांगली हायती. पोरगं तर नुसतं सोनं."

मी कुणाबद्दल काही विचारलंच नव्हतं. मनात पाल चुकचुकली. तेवढ्यात आबांनी मोबाइल कानाला लावला आणि माझ्याकडे पाठ करून हळू आवाजात बोलायला लागले. इथं थांबण्यात अर्थ नाही असं म्हणून मी पाय उचलला, पण वाट निळ्या गेटावरूनच जात होती. आणि गेटात एक बाई पदराला हात पुसत उभी होती, माझ्याच वयाची.

"या की, ताई. एवढ्या उन्हाचं चाललाय. च्या तरी घ्या."

तिनं माझा हात धरला तो सोडेचना. प्लॉटची स्कीम, भिशी, चहातून गुंगीचं औषध, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. पण पायांचे तुकडे पडायला आले होते. मी दाराजवळची खुर्ची धरली, पर्स मांडीवर ठेवली. चहा आला, तो तिनं घोट घेतल्याशिवाय मी तोंडाला लावला नाही.

मग ती घर दाखवायला लागली. ओटा दाखवला, नळाला चोवीस तास पाणी आहे हे सोडून दाखवलं, वरची नवा रंग दिलेली खोलीही दाखवली. ती जसजशी दाखवू लागली तसतसा माझा संशय वाढत गेला. घर विकायचंय की काय हिला? अंगणात एक मोटारसायकल कव्हर घालून उभी होती. दोन्ही चाकांतली हवा गेलेली, कव्हरवर धुळीचा थर. ज्या गावात कोपऱ्यावर जायलाही लोक गाडी काढतात, तिथे ही अशी का?

"ही कुणाची?" मी विचारलं.

बाईचा चेहरा उतरला. ती पायरीवर बसली.

"म्हंजी तुमाला कळलंच. मग मीच सांगते. मागनं कळण्यापरीस आत्ता कळल्यालं बरं. पोराला फिट येती. गाडीवनं पडला तवा समजलं. गोळ्या चालू हायत, तवापास्नं परत आली न्हाय. पर डाक्टर गाडी चालवू देत न्हायत, रिक्षानं कामाला जातो. आमच्या ह्यांचं म्हणणं, लगीन हुईपर्यंत कुणी बोलायचं न्हाय. मला न्हाय पटत. तुमची पोरगी हितं नांदाय यिणार. तिला अंधारात ठिवून मी तिला सूनबाई म्हणून कशी हाक मारू?"

तुमची पोरगी! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे सोयरीक पक्की करण्याआधी मुलीकडचं एखादं माणूस गुपचूप मुलाच्या गल्लीत चक्कर मारतं. शेजारी गाठतं, घर बाहेरून बघतं. आणि कशाला आलात म्हणून कुणी विचारलं तर एकच उत्तर देतं: सहज. भाचीच्या वेळी मीही तेच म्हटलं होतं. आणि आज, इंदापूरची बाई, मी आबांना नेमका तोच शब्द सांगितला होता, आणि आबांनी तो फोनवरून इथं पोचवला होता.

"अहो, मी ती नव्हे," मी म्हटलं. पण चौकशीला आलेली बाईही हेच म्हणणार. एसटीचं तिकीट दाखवलं, शपथ घेतली.

"मग तुमी कोण?"

"कुणीच नाही. फिरायला आलेय."

"यकट्या? चालत?"

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. दिवसभर मी लोकांकडे असंच बघत होते. आता कुणी माझ्याकडे तसं बघितलं तर मला ते सोसेना. माझ्या धुळीनं भरलेल्या चपला बघून शेवटी तिला पटलं. मी घाईघाईनं म्हटलं, कुणाला सांगणार नाही. पण तिला त्याची भीती नव्हतीच.

"किती दिस मनाशी घोकत हुते," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले. "आज धीर झाला, तर भलत्याच माणसापुढं. आता परत न्हाय निघायचं माझ्या तोंडातनं."

मला फार वाईट वाटलं. मी उठले. ती गेटापर्यंत आली आणि कडी धरून उभी राहिली.

"आयतवारी पोरीकडची माणसं बोलणीला बसायला येणार हायती. तुमी याल का? काय बोलू नका. नुसतं म्होरं बसा. तुमच्याकडं बगून सांगीन मी."

माझी तिची ओळख ना पाळख. तिथे तिच्या घरचे पुरुष बसलेले असणार, पाहुणे असणार, आणि ही बाई कोण म्हणून सगळे माझ्याकडेच बघणार. जाऊ नये याची कारणं मला भराभर सुचली आणि ती सगळी खरी होती. पण तिनं गेटाची कडी अजून सोडली नव्हती.

"रविवारी किती वाजता?" मी विचारलं.