मामांचा शव्ह

माझ्या बायकोच्या मामांइतका धक्क्याचा अभ्यासक आणि धक्का द्यायला नालायक माणूस अख्ख्या सोलापुरात सापडायचा नाही. जन्मभर त्यांनी शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि त्या भाषेतल्या एवढ्या शब्दांतून त्यांचा जीव जडला तो 'शव्ह', म्हणजे धसमुसळा धक्का, या दांडगट शब्दावर. एकदा सात रस्त्याच्या चौकात माझी स्कूटर बंद पडली. "मामा, जरा ढकला," म्हटलं, तर स्कूटरला हात लावून ते तसेच थांबले. "हा झाला पुश. शव्हला खांदा लागतो, घाई लागते आणि समोरच्याची पर्वा नसावी लागते." मी उन्हात घामाघूम, आणि मामा हजार वर्षं मागे! तेव्हाच्या इंग्रजीत हा शब्द कसा होता, फावड्याचा शव्हल त्याच्याच पोटचा कसा, किनाऱ्यावरून होडी लोटता लोटता 'शव्ह ऑफ'ला 'चालते व्हा' हा अर्थ कसा चिकटला. शेवटी मागून आलेल्या एका रिक्षावाल्यानं पाय लावून स्कूटर ढकलली.

स्वतः मामा मात्र कुठल्याही दारात "आधी तुम्ही" म्हणून बाजूला उभे. मागच्या वर्षी अकलूजहून जावयाचा फोन आला. लेकीचं बाळंतपण अडलं होतं, ऑपरेशनला घेत होते. मी मामा-मामींना स्टँडवर सोडायला गेलो. पहिली एसटी मामांच्या सौजन्यात निघून गेली. दुसरी लागली, तशी गर्दी पुन्हा दारावर तुटून पडली. मामी रडवेल्या झाल्या. "अहो, जन्मभर अर्थ सांगितलात, आज एकदा करून दाखवा की!"

मामांनी चष्मा खिशात घातला, मामींचा हात धरला आणि खांदा लावून असे घुसले की दारातला फेटेवाला शेतकरी थेट कंडक्टरवर गेला. आत पोचल्याबरोबर मामा त्या शेतकऱ्यापुढे हात जोडून उभे. "माफ करा हं. मुलगी दवाखान्यात आहे."

"आसू द्या की गुरुजी," तो म्हणाला. "तुमी हितं बसा. पोरगी बरी हुईल." आणि खिडकीतून टॉवेल टाकून धरलेली स्वतःची जागा त्यानं मामींना दिली.

लेक सुखरूप सुटली. नात झाली. तेव्हापासून मामा-मामी अकलूजलाच आहेत. रोज संध्याकाळी चहाला मामा यायचे, आता माझ्यासमोर कुणी नसतं, आणि शब्दांची कुळं सांगणारंही कुणी नाही. परवा त्यांचा फोन आला. "आज नात आपली आपण उभी राहिली," म्हणाले. "ना पुश, ना शव्ह!"